गिरणगावातली भाडेकरू

उत्साही : मला एक सांग. तू लोअर परळला राहतेस. जुन्या गिरणीच्या आवारात नाटकाच्या तालमी चालतात, शेजारच्या गाळ्यात चित्रांचं प्रदर्शन लागतं, भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय टॅक्सीनं पंधरा-वीस मिनिटांवर. तू स्वतः नाटकांची प्रकाशयोजना करतेस, म्हणजे हे सगळं तुझ्यासाठीच उभं केल्यासारखं. आणि तरी फोनवर तुझा सूर असा, की कुणी तुला काळ्या पाण्यावर धाडलंय. आमच्या वेळी त्या आवारात शिरायला बिल्ला लागायचा आणि आत गेल्यावर आठ तास कान बधिर. साच्यांच्या आवाजात शेजारच्याशी बोलायचं तर ओठ वाचावे लागत. जिथे माणसाला माणसाचा शब्द ऐकू येत नव्हता, तिथे आता लोक तिकीट काढून गाणं ऐकायला जातात. यात वाईट काय झालं?

साशंक : वाईट झालं असं मी कुठे म्हणतेय, मामा? या सगळ्यात मी नेमकी कोण, एवढंच मला उमगत नाही. आम्ही तिघी मिळून घर भाड्यानं घेतलं तेव्हा दलाल खिडकीतून बोट दाखवत होता : इकडे थिएटर, तिकडे गॅलरी, खाली रंगवलेली भिंत, म्हणून भाडं एवढं. आता बघ, त्या थिएटरात रात्री दोन वाजेपर्यंत शिडीवर चढून दिवे लावणारी मीच. म्हणजे मी आणि माझ्यासारखी माणसं तिथे राबतात म्हणून जागेला भाव येतो, आणि तो भाव परत माझ्याच खिशातून वसूल होतो. अकरा महिन्यांचा करार संपला की पुन्हा वाढ. महालक्ष्मीला लक्ष्मी मिल्सच्या आवारात 'जी फाइव्ह ए' ही कलासंस्था आहे, तिथे चांगलं काम बघायला मिळतं, मी खोटं कशाला बोलू? पण नाटक संपल्यावर घरी चालत जाण्याचं सुख मला अजून किती करारांपुरतं आहे, हे मला सांगता येत नाही.

उत्साही : भाडं पनवेललाही वाढतं. हायवे चौपदरी झाला आणि आपल्याकडे रस्त्याला लागलेल्या जमिनीच्या किमती कुठल्या कुठे गेल्या. आपल्या तळेऱ्यात कुणी भिंती रंगवल्या होत्या? मुंबई-गोवा रस्त्याला कोल्हापूरचा रस्ता मिळतो, विजयदुर्गचा मिळतो, एवढं पुरलं. तेव्हा भाववाढीचं खापर कलेच्या डोक्यावर फोडू नकोस.

आणि दुसरं. तुमच्या पिढीला गिरणगाव म्हटलं की उगाच गहिवरून येतं. रंगमंचावर चिमणी उभी करायची, भोंगा वाजवायचा, की प्रेक्षकांनी डोळे पुसलेच. आम्हांला विचार. कार्डिंग खात्यातून पाळी सुटली की माणूस भुतासारखा पांढराफट्ट होऊन बाहेर पडायचा. कापसाच्या त्या धुळीनं छातीला जो रोग जडतो त्याला डॉक्टर बिसिनोसिस म्हणतात, आम्ही नुसतं 'दम' म्हणायचो. सुट्टीनंतर कामावर रुजू झालं की पहिल्याच दिवशी छाती जास्त आवळायची. आमच्या खोलीतले दोघे असे दम घेऊन गावी परतले, ते परत आलेच नाहीत. ती गिरणी जाऊन तिथे कॉफीचं दुकान आलं म्हणून मी रडू? मला तर ते दुकान बघून मनातून बरं वाटलं. कॉफीची किंमत बघून नाही, ती गोष्ट वेगळी.

साशंक : साच्यांसाठी मीही रडत नाही. पण तिथे फक्त साचे होते आणि कला आमच्याबरोबर आली, हा जो समज करून दिला जातो, त्याचा मला राग येतो. मी राहते त्या रस्त्याला नारायण मल्हार जोशींचं नाव आहे. त्यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. त्याच संस्थेच्या परळच्या जागेत १९२२ साली दामोदर नाट्यगृह उभं राहिलं. कामगार रंगभूमी तिथे वाढली. कोकणातल्या गावमंडळांनी वर्गणी काढून वर्षातून एकदा तिथे नाटक करायचं, दशावतार करायचा, नमन करायचं, शक्ती-तुऱ्याचे सामने लावायचे. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर शाहीर ज्या श्रोत्यांपुढे उभे राहिले ते श्रोते याच चाळींतले. नारायण सुर्वे इथलेच. असा परिसर जगातल्या कुठल्याही शहरात कलेचा परिसर म्हणून मिरवला असता. आमच्याकडे त्याला मजूरवस्ती म्हणत. मग गिरण्या गेल्या, आणि त्यांच्या गोदामात कुणी गिटार वाजवली, तेव्हा कुठे वर्तमानपत्रांना तिथे संस्कृती दिसली.

पुढचं ऐक. त्याच रस्त्यावर मथुरादास मिल्सच्या आवारात २००७ मध्ये 'ब्लू फ्रॉग' नावाचा संगीताचा क्लब निघाला. देशभरचे वादक तिथे वाजवून गेले. २०१६ मध्ये तो बंद. आणि शंभरी ओलांडलेलं दामोदर नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद. रंगकर्मींना आंदोलन करावं लागलं. म्हणजे वर्गणी काढणाऱ्यांचंही टिकलं नाही आणि महागडं तिकीट लावणाऱ्यांचंही टिकलं नाही. मग टिकतं काय? जमीन. तेवढी मात्र दर वेळी आधीपेक्षा महाग होऊन टिकते.

उत्साही : हां, आता जमिनीवर आलीस. मग जमिनीचंच बोलू. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली होती. त्या संपाचं पुढे काय झालं ते तुला मी सांगायला नको. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ आला. ढोबळमानानं तीन वाटे : एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. कागदावर वाटणी अगदी सख्ख्या भावांसारखी. २००१ मध्ये दुरुस्ती झाली, आणि वाटणीला यायची ती फक्त बांधकाम नसलेली रिकामी जमीन, असं ठरलं. आता गिरणीत रिकामी जमीन असते किती? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती उचलून धरली. सहाशे एकरांच्या आसपासच्या गिरण्यांच्या जमिनीचा निकाल तिथे लागला. यात चित्रकार कुठे आहे? गायक कुठे आहे? सरकारी कागदावरच्या एका ओळीनं जे केलं, त्याची शिक्षा तू भिंत रंगवणाऱ्या पोराला देतेस.

साशंक : शिक्षा नाही देत. पण तो अगदीच निरुपद्रवी आहे असंही मानत नाही. न्यूयॉर्कच्या सोहोमध्ये असंच झालं. कारखाने गेले, रिकाम्या माळ्यांवर चित्रकार चोरून राहायला लागले. १९७१ मध्ये शहरानं त्यांचं राहणं कायदेशीर केलं. कलावंतांनी लढून मिळवलेला विजयच तो. आणि दहा-बारा वर्षांत तिथे वकील आणि दलाल राहायला आले, कारण चित्रकारासारखं राहणं ही आता पैसेवाल्यांची हौस झाली होती. शॅरन झुकिन नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी त्यावर पुस्तक लिहिलं, तेही नेमकं १९८२ साली. तू संपावर होतास त्या वर्षी तिकडे छापलेल्या पुस्तकात लोअर परळची पुढची पंचवीस वर्षं लिहिलेली होती, म्हटलं तरी चालेल.

नियम ५८ आम्ही लिहिला नाही, मान्य. पण रिकाम्या गिरणीभोवती जी अवकळा होती, संपाची, उपासमारीची, पोरं टोळ्यांत जाण्याची, ती पुसून तिथे यावंसं वाटेल असं वातावरण कुणी केलं? जाहिरातीवाल्यांनी केलं, आणि आम्ही केलं. बर्लिनला क्रॉइत्सबर्ग भागात ब्लू नावाच्या चित्रकाराची दोन भलीमोठी भित्तिचित्रं होती, लोक लांबून बघायला यायचे. शेजारच्या मोकळ्या जागेवर इमारत येणार, आणि चित्रं दिसणाऱ्या खिडक्यांना जास्त पैसे मिळणार, हे दिसल्यावर डिसेंबर २०१४ मध्ये ती चित्रं चित्रकाराच्याच संमतीनं काळा रंग मारून पुसली.

उत्साही : आणि इमारत थांबली?

साशंक : नाही. नंतर उभी राहिलीच.

उत्साही : मग झालं काय? इमारत तर आलीच, वर चित्रही गेलं. हा मला शहाणपणा वाटत नाही गो. आपल्याकडे भांडण झालं की काही जण स्वतःच्याच विहिरीत दगड टाकतात, तशातली गत.

बीडीडी चाळींचं घे. गेल्या शतकाच्या विशीत बांधलेल्या त्या चाळी. एकशेसाठ चौरस फुटांच्या खोलीत तीन पिढ्या. संडास सामाईक. तिथे राहिलेल्या बाईला विचार, चाळ संस्कृती म्हणजे काय. रात्री-अपरात्री पोर उठलं की तिला हातात बादली घेऊन गॅलरीच्या टोकाला जावं लागायचं, ती संस्कृती. म्हाडानं पुनर्विकास काढला तेव्हा तुझ्यासारख्यांनी किती नाकं मुरडली. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीला पहिल्या ५५६ कुटुंबांच्या हातात पाचशे फुटांच्या घराच्या किल्ल्या पडल्या. तीही मालकीच्या, त्याच जागी. कुणाला हाकललं नाही. म्हणजे परिसर बदलतो तेव्हा जुनी माणसं जायलाच हवीत असं नाही. ती राहतील अशी तजवीज करता येते, फक्त करणारा पाहिजे.

साशंक : हे मी मान्य करते, आणि मनापासून. बीडीडीतल्या माणसाला राहता आलं ते त्याचा खोलीवरचा हक्क सरकारनं मान्य केला म्हणून. गिरणी कामगारांचं मात्र तसं झालं नाही. घरासाठी अर्ज दीड लाखाच्या घरात, २०१२ पासून सोडती निघतायत, आणि प्रत्यक्ष घर लागलेले त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. बाकीच्यांना आता शेलू-वांगणीचं दाखवतायत. ज्यानं परळला आयुष्य काढलं त्याला कर्जतच्या वाटेवर घर. आणि मी, जिचा त्या जमिनीशी काडीचा संबंध नाही, ती परळला राहते, त्याच्या गिरणीत दिवे लावते.

आणि परळला आता रोज होणारी गर्दी? २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला मध्यरात्रीनंतर कमला मिल्समध्ये गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागून १४ गेली. सकाळी कामाला येणारी एका ठिकाणी, रात्री मौजेला आलेली दुसऱ्या ठिकाणी. दोन्ही एकाच चौरस मैलातली. जिथे नुसता माल तयार व्हायचा तिथे रोज लाखो माणसं ओतायची तर जिने, पूल, बाहेर पडायच्या वाटा आधी लागतात. ते काम कंटाळवाणं, त्याच्या उद्घाटनाला कोण येतो? भिंत रंगवली की फोटो निघतो.

उत्साही : त्या वर्षाबद्दल मी वाद घालणार नाही.

पण तुझ्या बोलण्यात मघापासून एक गोष्ट सारखी डोकावतेय. वर्गणीवाल्यांचं ते खरं आणि तिकीटवाल्यांचं खोटं, असं काहीतरी. मला ते वर्गणीचे दिवस माहीत आहेत म्हणून सांगतो. आमची गावकीची खोली होती. पंचक्रोशीतल्या मंडळींनी मिळून धरलेली, वीस-पंचवीस माणसांची. पहिल्या पाळीचा उठला की त्याच वळकटीवर तिसऱ्या पाळीचा आडवा व्हायचा. प्रत्येकाची एक ट्रंक. भाडं वाटून अगदी नगण्य. जेवण खानावळीत. हाताशी उरलेल्या पैशातून गावच्या देवळाला, शाळेला, नाटकाला वर्गणी. तळेऱ्याच्या हायस्कुलावर वामनराव महाडिकांचं नाव तू लहानपणापासून वाचलंस. तेच वामनराव १९७० मध्ये परळची पोटनिवडणूक जिंकले होते, शिवसेनेचे पहिले आमदार. परळ आणि तळेरं एवढी जवळची. परळ डेपोतून रातराणी सुटली की निम्मी गाडी ओळखीची असायची.

तेव्हा तुझं दामोदर नाट्यगृह चालत होतं त्यामागे ही खोली होती. रात्री तालीम करून माणूस झोपणार कुठे, ही चिंता नव्हती. नट फुकट, तबलजी फुकट, कारण डोक्यावर छप्पर जवळजवळ फुकट.

साशंक : मी हेच तर म्हणत होते!

उत्साही : थांब, माझं व्हायचंय. त्या खोलीत तुला घेतलं असतं का?

तू बाई. एवढ्यावरच विषय संपला. बाया चाळीत होत्या त्या बिऱ्हाडाच्या, नाहीतर खानावळवाल्या. नाटकात बाईचं काम आमच्यातलाच कुणी मिशी काढून करायचा, दशावतारात होतं तसं. बरं, पुरुष असतास तरी कुठल्या गावचा, कुठल्या वाडीतला, कुणातला, हे आधी विचारलं असतं. खोल्या गावाच्या होत्या तशा जातीच्याही होत्या. आणि गिरणीतही तेच. धोट्यातला दोरा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा, म्हणून साचे खात्यात दलितांना उभं करत नसत. पगार तिथेच जास्त. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी ह्यावर बोट ठेवलं होतं. तेव्हा ज्या स्वस्त खोलीला तू डोळ्यांत पाणी आणून बघतेस, तिचं दार फक्त जन्मानं उघडायचं. तुझ्या कॉफीच्या दुकानाचं दार पैशानं उघडतं. आज कुणीही, कुठल्याही आडनावाची पोरगी, रात्री अकरा वाजता गिरणीच्या आवारात एकटी नाटक बघायला जाते, आणि तिला कुणी गाव विचारत नाही. आमच्या गिरणगावानं हे स्वप्नातही बघितलं नव्हतं. तू त्याला बाजार म्हणतेस. मला ती सुटका वाटते.

साशंक : हे मी असं कधी मांडलं नव्हतं. पण ते मी पूर्ण गिळणार नाही, मामा. पैशाचं दार आडनाव विचारत नाही, हे अर्धंच खरं. घर शोधताना आम्हांला तीन सोसायट्यांनी विचारलं : एकट्या मुली? नाटकात काम? घरात मासळी शिजवणार? कोकणातली माणसं, नाही कसं म्हणू? एका ठिकाणी तेवढ्यावर नकार आला. गॅलरीत जाताना आडनाव लागत नाही, राहायला जाताना लागतं. चार तासांसाठी यायचं तर सगळ्यांचं स्वागत, वस्तीला राहायचं तर चौकशी. आमचा परिसर पाहुण्यांसाठी खुला आहे, बिऱ्हाडासाठी नाही.

आणि तू खानावळवाल्यांचा एका वाक्यात निकाल लावलास. त्यांच्याकडे बघ ना जरा. गावकीच्या खोलीनं त्यांना घेतलं नाही, बँक त्यांना दारात उभी करत नव्हती, सावकार व्याज खात होता. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं आणि या बायकांना एकत्र करून बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तिथे दार जन्मानंही उघडलं नाही आणि पैशानंही नाही. काम करतेस ना, मग ये, असं होतं ते. गिरणगावात ही तिसरी तऱ्हाही होतीच. तिची भित्तिचित्रं मात्र मी कुठे पाहिली नाहीत.

उत्साही : बरोबर आहे. ताई गो, खानावळीत दोन वेळ जेवलो तरी त्या बाईचं भांडवल कुठून येतं हे मी कधी विचारलं नाही.

पण मग माझं म्हणणं अजून सोपं होतं. मुंबई सोड. तिथे जमीनच एवढी महाग की काही केलं तरी ती सगळं खाऊन टाकणार. आपल्याकडे बघ. सावंतवाडीची चितार आळी. लाकडी खेळणी, लाकडी फळं, गंजिफा. गंजिफाचा खेळ बुडाला, दशावताराचे १२० पत्ते रंगवणारा हात राहिला एखाद-दुसरा. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसल्यांनी पुंडलिक चितारींसारख्या म्हाताऱ्या कारागिराकडून ती विद्या शिकून घेतली, राजवाड्यात कारागीर बसवले. आता राजवाड्याच्या एका भागात गंजिफाचीच सजावट केलेलं हॉटेलही निघालंय. आणि आळीतलं कुणी उठलं नाही. घर त्यांचं, दुकान त्यांचं, मागे रंगकाम पुढे विक्री. पिंगुळीला बघ. परशुराम गंगावण्यांनी गोठ्याचं संग्रहालय केलं, चित्रकथीच्या पोथ्या आणि कळसूत्री बाहुल्या तिथे मांडल्या, २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. कुणाचं भाडं वाढलं त्यानं?

साशंक : कुणाचंच नाही. पण चितार आळीत उद्या मी रंगाचे डबे घेऊन राहायला गेले तर? हुन्नर घराण्यातून येतो, जागा घराण्यातून येते. पिंगुळीची चित्रकथी ठाकर समाजाची, त्यांनीच ती जपावी हे योग्य. तो त्यांचा वारसा, त्यांचं पोट. मला त्यात शिरायचं नाही. पण मग जिला घराण्यात काहीच मिळालं नाही, जिच्या बापानं नुसती एसटी चालवली, त्या पोरीनं कुठे जायचं? म्हणून तर ती लोअर परळला येते, आणि अकरा महिन्यांचा करार करते. गोठ्याचं संग्रहालय झालं कारण गोठा स्वतःचा होता. सगळं येऊन तिथेच अडतं.

कणकवलीचं उदाहरण मला जास्त पटतं. वसंतराव आचरेकर सांस्कृतिक प्रतिष्ठान. एका तबलजीच्या नावानं चालणारी संस्था. कित्येक वर्षं नाटकं करतात, बाहेरची नाटकं आणतात. पहिली एकांकिका मी तिथे पाहिली, दिवे कसे पडतात ते तिथे कळलं. माझं कुठलं गाव, कुणातली, हे विचारल्याचं मला आठवत नाही, आणि तिकीटही परवडलं. राजवाडा नाही, गिरणीमालक नाही. पण तिथे कुणी वस्ती करून राहत नाही. संध्याकाळी जायचं, रात्री आपापल्या गावी परत. सोपं आहे ते एका अर्थी.

उत्साही : मग आता मी तुला माझ्या मनातलं सांगतो, नाहीतर दोघंही नुसते दुसऱ्यांच्या गावाबद्दल बोलत राहू. नाक्यापासून आत आपली जुनी माडी आहे. खाली तीन खोल्या, मागे पडवी, पडवीपुढे खळं. हायवेच्या मोबदल्याचे पैसे आले त्यातले थोडे उरलेत. मला वाटतं, तिथे तालमीची जागा करावी. तुझ्यासारखी चार-पाच पोरं महिना-दोन महिने येऊन राहतील, नाटक बसवतील, खळ्यात पहिला प्रयोग करतील. मुंबईहून गाडी, कोल्हापूरहून गाडी, नाक्यावर उतरलं की चालत. तुम्हांला स्वस्त, गावाला करमणूक. एवढी वर्षं आपली पोरं मुंबईला गेली. थोडी मुंबई इकडे येऊ दे की.

साशंक : कुणाच्या नावावर करणार?

उत्साही : माडी माझ्याच नावावर आहे.

साशंक : आज आहे. उद्या? मामेभावंडं तिघं आहेत. जागा नावाजली, शहरातली माणसं यायला लागली, की त्यातला एखादा म्हणणार, इथे होमस्टे काढू, दिवसाला एवढे मिळतील. त्याचं काही चुकेल असंही नाही, त्याच्या वाट्याची मालमत्ता. म्हणजे आम्हीच येऊन तुझ्या माडीची किंमत वाढवणार आणि आम्हीच बाहेर पडणार. लोअर परळला चाळीस वर्षं लागली, इथे चार पुरतील.

उत्साही : मग मंडळाच्या नावानं करतो. आपल्या वाडीचं मंडळ नोंदलेलं आहे.

साशंक : वाडीचं. म्हणजे पलीकडच्या वाडीतल्या पोराला तालमीला यायचं तर मंडळाची परवानगी. आत्ता तूच मला गावकीच्या खोलीचं सांगितलंस ना?

उत्साही : बरं, मग विश्वस्त निधी करू. तूच लिही नियम. कोण येणार, किती दिवस राहणार, कोण ठरवणार.

साशंक : लिहिते. पहिला नियम, जागा विकता येणार नाही, होमस्टेला देता येणार नाही. दुसरा, विश्वस्तांत निम्म्या बायका, आणि एकाच वाडीतले दोनांहून जास्त नकोत. तिसरा, येणाऱ्यानं नाव आणि काम सांगायचं, आडनाव सांगायची सक्ती नाही.

उत्साही : तिसऱ्यावर गावात कुजबुज होईल. होऊ दे. पुढे?

साशंक : चौथा, भाडं ठरवून टाकायचं आणि ते कधीच वाढवायचं नाही.

उत्साही : हा नाही चालायचा.

साशंक : का? हाच तर मुख्य आहे.

उत्साही : मुंबईत १९४७ च्या भाडे कायद्यानं नेमकं हेच केलं. भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. त्या भाड्याच्या जोरावर आम्ही गिरणगावात राहिलो, नाटकं केली, हे खरं. आणि त्याच भाड्यात मालकाला डागडुजी परवडेना, म्हणून तुळया कुजल्या, जिने खचले, पावसाळ्यात दर वर्षी कुठली तरी चाळ पडायची, हेही खरं. आपल्याकडे पाऊस किती, तुला सांगायला नको. दर वर्षी कौलं परतायची, वासे बघायचे, वाळवी बघायची. आज मी आहे, माझ्या खिशातून करीन. माझ्यामागे गोठवलेल्या भाड्यात ते कोण करणार?

साशंक : मग वाढवायचा अधिकार ठेवू. पण कुणाकडे? विश्वस्तांकडे दिला तर ते हळूहळू मालकच होणार. राहणाऱ्यांकडे दिला तर ते कधीच वाढवणार नाहीत.

उत्साही : राहणाऱ्यांनीच कौलं परतली तर?

साशंक : दोन महिन्यांसाठी आलेला नट कौलांवर चढेल? आणि पडला तर?

उत्साही : आम्ही चढायचो.

साशंक : तुमचं गाव होतं ते, मामा.

उत्साही : होय गो. तेच तर तुझ्या नियमात कुठे बसवायचं, ते बघ.